निकालाच्या दिवशीचा चहा

त्या आठवड्यात आमच्या मजल्यावर दोन माणसांनी चहा सोडला होता. एक मी आणि दुसरा माझा कोर्समेट. डॉक्टरांनी बजावलं म्हणून नाही की कुठला नवस होता म्हणून नाही. निव्वळ भीतीनं. दोघंही हवाई दलात विंग कमांडर, दोघंही इंजिनिअर, दोघांच्याही खांद्यांवर तीन पट्ट्या. चौथी मिळणार की नाही हे दिल्लीतल्या बोर्डानं ठरवून टाकलं होतं. आम्हाला ते कळायचं तेवढं बाकी होतं.

ज्यांना या नोकरीतलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. विंग कमांडरपर्यंत माणूस वयाबरोबर आपोआप वर सरकतो, फार मोठा घोळ घातला नाही तर. त्यानंतर मात्र जागा थोड्या आणि माणसं फार. बोर्ड तुमची वीस वर्षांची गोपनीय कागदपत्रं पाहतं आणि काहींना ग्रुप कॅप्टन करतं. ज्यांना करत नाही त्यांना कारण सांगत नाही. अशा तीन संधी मिळतात. आमच्या दोघांच्याही दोन वाया गेल्या होत्या आणि ही तिसरी होती. ही गेली की निवृत्तीपर्यंत त्याच तीन पट्ट्या, आणि आपण ज्यांना स्पॅनर धरायला शिकवलं त्यांना "सर" म्हणत त्यांच्यासमोर उभं राहायचं. मी स्वतःला मोठी धीराची समजत होते. त्या आठवड्यात तो गैरसमज दूर झाला.

आता चहाचं. आमच्या इमारतीत एक पद्धत पडून गेली होती. कुणी पाडली ते माहीत नाही, आमच्या आधीच्या तीन-चार साहेबांपासून चालत आली होती. निकाल आला की साहेब एकेकाला आत बोलवायचे. जो झाला, त्याच्याशी उभ्याउभ्याच हात मिळवायचे, पाठीवर थाप, मिनिटभरात बाहेर. जो झाला नाही, त्याला खुर्ची दाखवायचे, घंटी वाजवायचे आणि चहा मागवायचे. सोबत बिस्किटं. वाईट बातमी कोरड्या घशानं ऐकायला लागू नये, एवढाच त्यामागचा चांगुलपणा असावा. पण झालं असं की ट्रे आत गेला की सगळ्या कॉरिडॉरला निकाल कळायचा. पुढे पुढे तर लोक "तो राहिला" असं म्हणेनातच. "त्याचा चहा झाला," एवढंच म्हणायचे.

म्हणून आम्ही चहा सोडला. विमानाच्या इंजिनाचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारी मी, कपाला हात लावायला घाबरत होते. तिसऱ्या दिवसापासून डोकं ठणकायला लागलं. एप्रिलचा महिना, खोलीतला कूलर नुसताच आवाज करायचा, आणि मी पाणी पिऊन पिऊन फायली वाचायची.

माझा कोर्समेट कामठीचा. मी त्याला कामठीवाला म्हणते, तोही मला उमरेडवाली म्हणतो. अकादमीत पहिल्याच दिवशी दोघांच्या तोंडून एकदमच "मले" निघालं आणि शंभर पोरापोरींत आम्ही एकमेकांना ओळखलं. पुढे पोस्टिंगं कुठे कुठे झाली, पण दोघं असलो की बोलणं गावचंच. रोज दुपारी जेवणानंतर सायकल स्टँडच्या मागे कडुनिंबाखाली आम्ही पंधरा मिनिटं उभे राहायचो. त्या आठवड्यात ती पंधरा मिनिटं सगळ्यात वाईट असायची, कारण एकमेकांचा चेहरा म्हणजे आरसाच.

"डोकं दुखून राहिलं ना वं तुह्यं?" तो विचारायचा.

"तुह्यं नाही दुखत का?"

"दुखते ना. पण चहा नाही घेत मी. घरीही नाही घेत. बायको म्हणते, डोकं फिरलं तुमचं."

"तू इंजिनिअर आहे ना गा? विमानाचा नट ढिला झाला तं नारळ फोडतो का?"

"नट दिसते. बोर्ड दिसत नाही," तो म्हणायचा, आणि ते खरंच होतं.

मग नोकरीचं बोलणं निघायचं. नाहीच झालं तर काय करायचं याचे बेत आम्ही रोज नव्यानं करायचो. विमानतळाजवळ विमानदुरुस्तीचे खासगी कारखाने आलेत, तिथे आमच्यासारख्यांना घेतात म्हणे. राजीनाम्याचा कागद टाकून मोकळं व्हावं. नाहीतर राहावं गुपचूप, मुलांची शाळा होईपर्यंत. त्याची मुलगी बारावीला होती आणि तिला हवाई दलाच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. तिनं बापाला विचारलं होतं, भरू का? आणि या बाबाजीनं तिला सांगितलं होतं, थांब, आठ दिवसांनी सांगतो.

"तुह्या निकालाचा अन् तिच्या फॉर्मचा काय संबंध गा?" मी चिडून विचारलं.

"वीस वर्सं ज्याले देले, ते आपल्याले काय म्हणते ते तं पाहू दे आधी," तो म्हणाला. "मंग पोरीले सांगतो."

त्याला जे खात होतं ते त्यानं सांगितलं. मला जे खात होतं ते मात्र मी त्याला सांगू शकत नव्हते, कारण ते त्याच्याचबद्दल होतं.

आम्ही दोघं फ्लाइट लेफ्टनंट होतो तेव्हाची गोष्ट. वाळवंटाकडच्या एका तळावर एकाच हँगरमध्ये कामाला होतो. विमानाच्या कामात हत्यारांची मोजणी ही देवपूजेसारखी असते. भिंतीवर मोठी फळी असते, तिच्यावर प्रत्येक पान्याचा, पक्कडीचा, स्क्रू ड्रायव्हरचा आकार रंगवलेला असतो. काम संपलं की ज्याचं हत्यार त्याच्या आकारावर लटकवायचं. एक जरी आकार रिकामा दिसला तरी विमान जागचं हलता कामा नये, कारण ते हत्यार विमानात राहिलेलं असू शकतं. पाळी सोपवताना देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं मिळून मोजायचं आणि रजिस्टरवर दोघांनी सही करायची.

त्या संध्याकाळी पाळी मी सोपवणार होते आणि तो घेणार होता. त्याला यायला उशीर झाला. मला ताप होता. एका सार्जंटनं सांगितलं, "मॅडम, सब पूरा है." मी फळीकडे न पाहता सही ठोकली आणि खोलीवर जाऊन झोपले. तो आला, माझी सही पाहिली, आणि माझ्यावर विश्वास ठेवून त्यानंही केली.

सकाळी उजेडात त्याला फळीवर एक आकार रिकामा दिसला. वीतभर पान्याचा. विमान तोवर धावपट्टीच्या दिशेनं निघालं होतं. त्यानं रेडिओवरून ते थांबवलं, परत आणवलं. पाना वैमानिकाच्या सीटखाली सापडला, कंट्रोलच्या दांड्यांपासून हातभर अंतरावर. तो तिथेच राहिला असता तर काय झालं असतं ते मी इथे लिहीत नाही.

चौकशी झाली. सगळा दोष माझा होता. पण त्यानं आपल्या जबाबात लिहिलं की मोजणी दोघांनी मिळून केली, आणि दोघांच्याही नजरेतून सुटलं. तो जबाब माझ्यासमोर ठेवला गेला. हे खरं आहे का, असं मला विचारलं. मी हो म्हणाले आणि खाली सही केली. चूक अर्धी-अर्धी वाटली गेल्यामुळे एकाची नोकरी जाण्याऐवजी दोघांना नाराजीचं एकेक पत्र मिळालं. त्यानं त्यानंतर कधीही तो विषय काढला नाही. मीही नाही.

लोक म्हणतात, असल्या पत्राचा काही वर्षांनी परिणाम उरत नाही. असेलही. पण बोर्डाच्या खोलीत काय वाचलं जातं ते कुणी पाहिलंय? मला भीती होती ती माझी राहण्याची. आणि तिच्याखाली एक दुसरी भीती होती, जी मी कडुनिंबाखाली उभी राहून रोज गिळत होते. तो राहिला, तर माझ्यामुळे राहिला असेल.

रविवारी मी नागपुरातच हुडकेश्वरला भावाकडे गेले. बाबा तिथे असतात. जन्मभर उमरेडला मागावर लुगडी विणली त्यांनी, आता डोळे आणि गुडघे दोन्ही थकलेत. माझी नोकरी नेमकी काय आहे हे त्यांना कधी नीट कळलेलं नाही, पण माझा चेहरा त्यांना कळतो.

"काहून वं, एवढीशी झाली तू? पेपर कठीण गेला का?" त्यांनी विचारलं.

"पेपर नसते बाबा याले. आमचे जुने कागद पाहतात अन् ठरवतात."

"कोन पाहते?"

"मोठे साहेब. दिल्लीले."

"तुले समोर उभं करते का?"

"नाही."

"मंग तुह्या बाजूनं बोलते कोन?"

वहिनीनं चहा आणला तर मी नको म्हणाले, आणि मग बाबांना ते चहाचं सगळं सांगावं लागलं. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "आमच्या विणकर सोसायटीतही असंच होतं. लुगडं घेऊन गेलो का तिथला बाबू उजेडात धरून पाहे. काही न बोलता शिक्का मारला, का पास. अन् 'बसा ना, पाणी घ्या' म्हणलं का समजून घ्यावं, लुगडं वापस. मी तं तिथं कधी पाणी नाही प्यालो. तहान लागली तरी नाही."

म्हणजे हे भेव मला वारशानंच मिळालं होतं. निघताना त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वापस केलेलं लुगडंही कोनी ना कोनी नेसतेच वं." मला ते ऐकून धीर यायला हवा होता. आला नाही.

निकाल बुधवारी आला. सकाळपासूनच कॉरिडॉरमधली माणसं जरा जास्तच हळू बोलत होती. आमचे साहेब नवे होते, बदलून येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. सज्जन माणूस, दक्षिणेतले, हिंदी जपून बोलायचे. अडीच वाजता त्यांचा शिपाई माझ्या दारात आला. "मॅडम, साहेब बुलाते."

मी आत गेले. ते उठले नाहीत. खुर्चीकडे हात केला आणि म्हणाले, "बसा."

मी बसले. बसले म्हणजे पायांनी आपणहून तसं केलं. त्यांनी घंटी वाजवली आणि दोन चहा सांगितले.

माझ्या कानांत कूलरसारखा आवाज सुरू झाला. ते काहीतरी बोलत होते, उन्हाबद्दल असावं. ट्रे आला. दोन कप, बशीत चार बिस्किटं. मी कप उचलला कारण त्यांनी उचलला होता, आणि तो बशीवर वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला. मनातल्या मनात मी मुलाला काय सांगायचं ते ठरवत होते. नवऱ्याला तर फोनवरच्या आवाजावरूनच कळेल. बाबांना सांगेन, वापस केलं.

"तुमचं झालंय," साहेब म्हणाले. "अभिनंदन. ग्रुप कॅप्टन."

ते जरा पुढे झुकले आणि हळू आवाजात म्हणाले, "पण तुमच्या कोर्समेटचं झालं नाही. मी त्यांना दोन महिनेच ओळखतो. कसं सांगावं सुचत नाहीये. तुम्ही वीस वर्षं ओळखता. म्हणून तुम्हाला बसवलं."

नवीन माणूस. त्यांना आमच्या इमारतीची पद्धत माहीतच नव्हती. ते सगळ्यांनाच चहा विचारायचे, मागच्या आठवड्यात वायरिंग दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्यांनी समोर बसवून चहा पाजला होता. मला कुणीतरी खोल विहिरीतून काढून पुन्हा तिच्यातच सोडल्यासारखं झालं. आनंद झाला नाही असं म्हणणार नाही. झाला. आनंदाची आणि भीतीची लाट एकदमच आली आणि मला दोन्ही वेगळ्या करता येईनात.

"यादी तीन वाजता सुटेल," साहेब म्हणाले. "तेव्हा मी त्यांना बोलावतो. तोवर कुणाशी काही बोलायचं नाही. तुमचंही नाही, त्यांचंही नाही."

"येस सर."

"काही सुचवाल?"

माझ्या डोळ्यांसमोर तो ट्रे होता. ट्रे दारातून आत येताना तो पाहील, त्याला शब्दाच्या आधीच कळेल, आणि बाहेर सगळा कॉरिडॉर त्याच्या आधीच सुतकी चेहरे करून उभा असेल. तेवढं तरी त्याच्या वाट्याला येऊ नये असं मला मनापासून वाटलं.

"सर, त्यांना चहा देऊ नका," मी म्हणाले.

ते गोंधळले. चहाला काय झालं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पण समजावून सांगण्याइतकी शक्ती माझ्यात नव्हती. "सरळ सांगा, सर. उभ्याउभ्या. त्यांना तसंच आवडेल," एवढं बोलून मी उठले. कप रिकामा होता. मी सगळा चहा कधी प्यायले ते मलाच कळलं नव्हतं.

खोलीत येऊन बसते तोच दार ढकलून कामठीवाला आत आला. त्यानं दार हळूच लावून घेतलं आणि समोरची खुर्ची ओढली.

"मी पाहिला ट्रे," तो म्हणाला.

साहेबांचा हुकूम होता. पण हुकूम काय, मला सांगायला धीरच झाला नाही. माझं झालंय म्हटलं तर पुढचा प्रश्न त्याच्या स्वतःबद्दल असणार होता, आणि खोटं बोलताना मी त्याच्याकडून पकडली जाते हे मला ठाऊक होतं.

"रडायचं असंन तं रड. मी पाहत नाही तिकडे," असं म्हणून तो खरंच खिडकीकडे तोंड करून बसला. मग खिडकीकडे पाहतच बोलायला लागला. "तुले एक सांगाचं होतं. लय वर्सं झाले. तो पाना आठवते ना तुले?"

"आठवते," मी म्हणाले.

"मी विमान वापस आणून गुपचूप पाना काढून घेतला असता तं कोनाले काय समजलं असतं? पण मी रिपोर्टचा कागद केला. तापात होती तू, मले माहीत होतं, तरी केला. वैमानिकाचा जीव होता, कागद नाही करून कसं चालंन, असं वाटलं तवा. पण दरवर्सी बोर्ड आलं का मले एकच भेव. तिची फाईल मी खराब केली. आज तू साहेबाकडे असताना ट्रे आत जाताना पाहिला अन् हातातलं सोडून आलो वं."

"तू काही खराब नाही केलं गा," मी म्हणाले.

"तू असं म्हणशीनच. आता माह्यं झालं जरी, तरी मले गोड नाही लागनार. तुह्याशिवाय ते चौथी पट्टी लावून काय करू? कोनाशी भांडू?"

तो बोलत होता आणि मी ऐकत होते. आणि लाज वाटावी अशी एक गोष्ट मला त्याच वेळी जाणवली. सात दिवसांनी पोटात चहा गेला होता आणि माझं डोकं दुखायचं थांबलं होतं. जो माणूस राहिला होता तो मला धीर देत होता, आणि मला बरं वाटत होतं.

भिंतीवरच्या घड्याळात तीनला चार मिनिटं होती. मी तेवढा वेळ त्या काट्याकडे पाहत काढला. सांगून टाकावं, असं प्रत्येक मिनिटाला ठरवलं आणि प्रत्येक मिनिटाला घाबरले. तीन वाजून गेले आणि शिपायानं दारावर टकटक केली. "सर, आपको बुलाया है."

तो उठला, शर्ट नीट खोचला, माझ्या खिडकीच्या काचेत स्वतःला पाहिलं. "चला. मलेही चहा मिळाला तं आवाज देतो तुले. बिस्किटं दोघं मिळून खाऊ," म्हणाला आणि गेला.

मी त्याच्या मागे दारापर्यंत आले. साहेबांचं दार बंद झालं. शिपाई बाहेर स्टुलावर येऊन बसला आणि घंटीकडे कान लावून राहिला. ऑफिसातली चार-पाच माणसं काही ना काही काम काढून कॉरिडॉरमध्ये उभी होती. माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं, माझा चहा झाला होता ना. सगळ्यांचं लक्ष त्या स्टुलाकडे.

मिनिट गेलं. घंटी वाजली नाही.

आमचा एक जुना सार्जंट माझ्या शेजारी उभा होता. नागपूरचाच, माझ्याशी मराठीत बोलायचा. त्यानं शिपायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझं दुःख हलकं करावं म्हणून तो कुजबुजला, "मॅडम, चहा नाही गेला. आपल्या सरांचं झालं."

तेव्हा मला कळलं मी काय करून बसले होते. पुन्हा एकदा फळीकडे न पाहता सही केली होती. चहा न देणं म्हणजे काय, हे या इमारतीत माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मी शिपायाला म्हणणार होते, जा, चहा घेऊन जा आत, कुणी मागवला नसला तरी जा. पण तोवर दार उघडलं.

तो बाहेर आला आणि सगळे त्याच्याकडे धावले. सार्जंटनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "बधाई हो सर," कुणीतरी म्हणालं, आणि टाळ्याही वाजल्या. तो स्वतःच्या धरलेल्या हाताकडे पाहत होता, तो हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मग त्यानं तो अलगद सोडवून घेतला.

"नाही गा, माह्यं नाही झालं," तो म्हणाला. "मॅडमचं झालं. साहेबांनी आत्ताच सांगितलं. मॅडमले द्या बधाई."

टाळ्या थांबल्या. मग पुन्हा सुरू झाल्या, पण कुणाला काही समजत नव्हतं. त्यांच्यातून वाट काढत तो माझ्यापाशी आला आणि माझा हात हातात घेतला. त्याचा हात गार होता. "उमरेडवाली, ग्रुप कॅप्टन," एवढंच म्हणाला. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी स्टँडवर स्कूटर काढताना तो म्हणाला, "माहीत आहे का, साहेबांनी मले बसा म्हणलं नाही. घंटी नाही वाजवली. मी म्हणलं, झालं. एक मिनिट, उमरेडवाली, आख्खं एक मिनिट मी ग्रुप कॅप्टन होतो." तो हसला. मी हसू शकले नाही. घरी जाऊन मी बाथरूमचा नळ सोडला आणि रडले, आणि नवऱ्याला वाटलं आनंदानं रडते आहे.

त्यानंतरच्या दिवसांत मला एकच धास्ती होती. तो इंजिनिअर आहे. जिथे काहीतरी कमी आहे तिथे त्याची नजर जातेच. चहा का दिला नाही, हे तो कधी ना कधी शोधून काढणार. आणि ते कळलं की तो माझ्या समोर बसून बोलत होता तेव्हा मला सगळं माहीत होतं, हेही कळणार. त्याचा फोन आला की मी तो वाजून संपू द्यायची. सायकल स्टँडच्या मागे जाणं मी टाळायला लागले. काम वाढलंय, असं सांगायची.

पंधरा दिवसांनी मला पट्ट्या लावण्याचा कार्यक्रम झाला. एका खांद्यावर साहेबांनी लावली, दुसऱ्यावर बाबांनी. बाबांनी आधी त्या निळ्या कापडावरून बोट फिरवलं, वीण पाहिली, मान हलवली, आणि मगच लावली. टाळ्या झाल्या. त्यांत सगळ्यात मोठ्यानं वाजवणारा कोण होता ते न पाहताही मला कळलं. त्याची मुलगीही आली होती. तिनं फॉर्म भरला होता. निकालाच्या रात्री बापानंच सांगितलं, भर म्हणून. माझ्या खांद्याकडे ती किती वेळ पाहत होती.

मग चहा आला. साहेब स्वतःच ट्रे घेऊन फिरत होते, घ्या, घ्या, म्हणत. माळ्याला दिला, ड्रायव्हरला दिला, बाबांना तर दोनदा. बाबा आधी कपाकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिले. मी मान हलवल्यावरच त्यांनी घेतला.

कामठीवाला कप घेऊन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. बराच वेळ तो साहेबांकडे पाहत होता.

"हा मानूस माळ्यालेही चहा विचारते," तो म्हणाला. "मले काहून नाही विचारला वं त्या दिवशी?"

मी कपात पाहत होते. पंधरा दिवस ज्या प्रश्नाला भीत होते तो समोर आला होता, आणि खरं सांगायला हीच वेळ होती. सांगितलं असतं तर तो रागावला असता, आणि कदाचित दोन दिवसांनी पुन्हा कडुनिंबाखाली भांडायला आला असता.

"मले काय माहीत," मी म्हणाले.

तो माझ्याकडे वळला. अगदी शांतपणे त्यानं माझा चेहरा पाहिला, घाईनं नाही, एकेक जागा मोजत. काय कमी आहे ते त्याला दिसलं. दिसलं हे मलाही दिसलं.

मग त्यानं चहाचा घोट घेतला. "नवीन आहे साहेब," तो म्हणाला. "दोघांच्याही वेळी चुकला."

पान्याच्या वेळी त्यानं लिहून दिलं होतं, मोजणी दोघांनी मिळून केली. तेव्हा मी खाली सही केली होती. या वेळी मान हलवली.